वरवट बकाल ते ऑकलंड : साडेपंधरा तास

मलकापुरात विमान उतरत नाही. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण मोबाइलला ते माहीत नाही आणि मोबाइल वाचणाऱ्यांनाही नाही.

स्टेशन रोडवर माझं तिकिटांचं दुकान आहे. आधी रेल्वेची तिकिटं काढायचो, मग ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची, आणि गेली वीसेक वर्षं विमानाची. आता दुकान चालतं असं म्हणवत नाही, उघडतो म्हणू. तर या दुकानात मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न असा: "भाऊ, विमानानं किती तास लागतात?" कुठून, कुठं, कधी, काही सांगायचं नाही. फक्त किती तास. मी वैतागायचो, पण सांगायचो. पुढे प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि लोकांनी विचारणं सोडून दिलं. ते मलाच सांगायला लागले. "साडेपंधरा तास लागतात, बरं का." त्यापेक्षा विचारत होते ते बरं होतं.

हे तास येतात कुठून, ते बाहेरच्या माणसाला सांगितलं पाहिजे. इंटरनेटवर काही पानं असतात. त्यांत दोन गावांची नावं टाकायची. ते पान पृथ्वीच्या गोळ्यावर या गावापासून त्या गावापर्यंत एक दोरी ताणून धरतं, किती किलोमीटर भरली ते बघतं, आणि विमानाच्या वेगानं भागतं. झालं. शाळेत मास्तर काळ-काम-वेगाची गणितं घालत, त्यातलाच प्रकार. फक्त मास्तरांना ठाऊक असायचं की हे गणित आहे, गाडीचं वेळापत्रक नव्हे. त्या पानाला विमान आहे का, याच्याशी देणंघेणं नाही. मलकापूर ते लंडन विचारा, किलोमीटर आणि मिनिटं हजर. जणू कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मैदानातून रोज सकाळी उड्डाण आहे.

खऱ्या प्रवासात ती दोरी कुठंच नसते. मलकापूरहून आधी रेल्वेनं मुंबई, सात-आठ तास. विमानतळावर तीन तास आधी हजर. मग एक विमान, मधल्या गावात सहा तास बाकावर बसणं, मग दुसरं विमान. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिकिटावर छापलेली प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची, पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची. हे एक वाक्य ज्याला कळलं त्याला आमचा धंदा कळला. ज्यांना कळलं अशी माणसं मी आयुष्यात मोजकीच पाहिली. इंजिनिअर त्यात कमी होते.

एकदा इथलेच एक सरकीचे व्यापारी सकाळी दहाला दुकानात आले. संध्याकाळी कोइम्बतूरला त्यांची बैठक होती. मोबाइल माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "मलकापूर ते कोइम्बतूर दीड तास. काढा तिकीट."

मी म्हटलं, "शेठजी, तिकीट कायले? कॉटन मार्केटच्या मैदानात उभे राहा, विमान येईनच घ्याले."

दुकानात बसलेले तिघे हसले. शेठजी गेले ते वर्षभर फिरकले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगतो, असा टोमणा नेमका बसला की मला जे सुख व्हायचं ते कमिशनमध्ये कधी झालं नाही. मूर्ख माणसाला मूर्ख ठरवणं हा आमच्या धंद्यातला फुकटचा नफा आहे, असं मी म्हणायचो. हा माझा रोग. त्याची किंमत मोजायची वेळ एका पोरीवर आली होती. ती हकीकत सांगण्यासाठीच हा कागद काळा करतोय.

तिचं नाव सुजाता तायडे. संग्रामपूर तालुक्यातलं वरवट बकाल हे तिचं गाव. तिचे वडील पंजाबराव एसटीत कंडक्टर होते. त्यांची ड्यूटी मलकापूरला असायची तेव्हापासून ओळख. गाडी लागेपर्यंत माझ्या दुकानात पाणी प्यायला यायचे. अबोल माणूस. मोठी मुलगी पुण्याला दिली होती, ही धाकटी. सुजाता नर्सिंग शिकली, अकोल्याच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात कामाला लागली, आणि तिथल्या एका केरळी मैत्रिणीचं बघून तिच्या डोक्यात न्यूझीलंड शिरलं.

पासपोर्टचा फॉर्म तिनं माझ्या दुकानात भरला. इंग्रजीच्या परीक्षेला नागपूरला गेली, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. तिन्ही वेळची रेल्वेची तिकिटं मी काढली. दाखल्यावर आईचं नाव एक आणि आधारकार्डावर दुसरं, म्हणून चार महिने गेले. प्रत्येक वेळी ती नव्या कागदांची फाइल घेऊन यायची. तिच्या पासपोर्टचा नंबर मला पाठ झाला होता. अखेर ऑकलंड शहरातल्या एका रुग्णालयानं नोकरी दिली, व्हिसा आला. त्या दिवशी पेढे घेऊन आली होती.

"काका, विमानाचं तिकीट तुमच्याच हातचं बरं," असं म्हणाली होती. मी ते वाक्य फार जपून ठेवलं. तोवर विमानाचं तिकीट काढायला माझ्याकडे येणारा माणूस दुर्मीळ झाला होता.

व्हिसावर एक अट असते. अमुक तारखेच्या आत देशात पहिलं पाऊल पडलं पाहिजे. तिची तारीख होती वीस. वेळ भरपूर होता, पण मध्येच आईचं ऑपरेशन निघालं. गर्भपिशवीचं. सुजाता आईजवळ राहिली. आई हिंडूफिरू लागेपर्यंत वीस तारीख तोंडाशी आली.

पंधरा तारखेला सकाळी दहाच्या सुमारास पंजाबराव, सुजाता आणि एक तरुण गृहस्थ दुकानात आले. गृहस्थ म्हणजे मोठे जावई, अमोलराव. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करणारे. मेव्हणीला पोचवायला खास सुट्टी काढून आलेले. बूट चकचकीत, बोलणं शुद्ध.

"बसा नं," मी म्हटलं. "तिकिटाचं पाह्यचं नं?"

पंजाबरावांनी मान खाली घातली. सुजाता म्हणाली, "काका, तिकीट भाऊजींनी काढलं पुण्याहून. फक्त छापून पाह्यजे. अन् व्हिसाचा कागद बी."

मला काय वाटलं ते लिहीत नाही. ज्याचं गिऱ्हाईक असं गेलंय त्याला सांगायला नको.

अमोलराव म्हणाले, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण आता एजंट वगैरे कुणी वापरत नाही. सगळं पारदर्शक आहे. हे बघा." आणि मोबाइल पुढे केला. त्या दोरी ताणणाऱ्या पानावर त्यांनी चक्क गावाचं नाव टाकलं होतं. वरवट बकाल ते ऑकलंड, बारा हजारांवर किलोमीटर, साडेपंधरा तास. "एकोणीसला रात्री आठचं विमान. साडेपंधरा तास धरा, वीसला दुपारी पोचते. तिकिटावर दीड दिलाय, थोडं इकडेतिकडे. डेडलाइनच्या आत."

मी कागद छापायला लावले. मशीनमधून तिकीट बाहेर आलं. सवयीनं नजर टाकली. मुंबईहून एकोणीसला आठ. सिंगापूरला साडेसहा तासांचा मुक्काम. मग दुसरं विमान. ऑकलंडला पोचायची वेळ 01:30, आणि बाजूला बारीक अक्षरात +2.

दुपारचा दीड नव्हे, मध्यरात्रीचा दीड. आणि अधिक दोन म्हणजे निघाल्यापासून दोन तारखा पुढे. एकवीस. न्यूझीलंडचं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं; साडेपंधरा तासांच्या पानानं ते घड्याळही धरलं नव्हतं आणि सिंगापूरचा बाकही. मागोमाग व्हिसाचा कागद आला. त्यावर वीस.

दीड तास. पोरगी दीड तास उशिरा पोचणार होती. पोचणार तरी कुठली, मुंबईच्या काउंटरवरच कागद बघून विमानात चढू दिलं नसतं. व्हिसा संपला की नोकरीचा करार संपला, आणि चार वर्षांची खटपट पुन्हा पहिल्या पानापासून.

मी म्हटलं, "पाहुणे, हे अधिक दोन लिवलं हाये, ते कायचं, पाह्यलं नं?"

अमोलराव हसले. "दोन बॅगा, काका. तेवीस-तेवीस किलोच्या."

"तारीख एकदा—"

"काका, तुम्ही फक्त प्रिंट काढा ना. आम्हाला गावात कार्यक्रमाला पोचायचंय."

पंजाबराव दाराबाहेर बघत राहिले. आमच्याकडे जावयापुढे सासरा बोलत नाही. सुजाता पिशवीत पैसे शोधत होती.

आणि मी? मी कागद टाचणीनं नीट जोडले, पाकिटात घातले आणि अमोलरावांच्या हातात दिले. "घ्या," म्हटलं. "सगळं पारदर्शक हाये."

ते गेले. मी चहा मागवला. माझ्या अंगात त्या वेळी जो आनंद होता तो आठवला की आजही स्वतःची शिसारी येते. मी मनात चित्र रंगवत होतो: मुंबईचा विमानतळ, काउंटरवरची बाई, आणि दोन बॅगा धरून उभे असलेले अमोलराव. या चित्रात सुजाता कुठंच नव्हती. हे विशेष बघा. मी तिला काढूनच टाकलं होतं.

दुपारी जेवायला घरी गेलो आणि बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. बॅगांचं वाक्य तर त्यांचा आवाज काढून. माझी बायको, शोभा, भाकरी थापत होती. हसली नाही. म्हणाली, "पोरगी कोनाची?"

"पंजाबराव तायडेची. थे पेढे नव्हते आणले?"

"अन् तुमी सांगतलं नाही?"

"त्यानं मले बोलूच कोठी देल्लं? दोनदा तोंड उघडलं मी."

"दोनदा!" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "येऱ्हवी गिऱ्हाईक दुकानातून पळून जाते तरी तुमचं तोंड बंद होत नाही. आज बरं दोनदातच थकलं." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जावयाले अद्दल घडवाची होती तं जावयाचं तिकीट चुकवाचं होतं. त्या लेकरानं तुमचं काय घोडं मारलं?"

मी ताटावरून उठलो नाही. दोन घास आणखी खाल्ले, हेही लिहून टाकतो. तिसरा गेला नाही.

हात धुऊन दुकानात आलो, पंजाबरावांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सुजाताचा जुना नंबर बंद. जाण्याआधी भाऊजींनी नवा मोबाइल, नवा नंबर घेऊन दिला होता, तो माझ्याकडे नव्हता. फोन घरात वाजत होता आणि सगळे कार्यक्रमात होते, हे नंतर कळलं.

मग मी मुंबईच्या ठोक एजंटाला, आमच्यासारख्या छोट्या दुकानांना तिकिटं पुरवणाऱ्याला, फोन केला. पंधराएक वर्षांची ओळख, पण चेहरा मी एकदाच पाहिलेला. अठराच्या विमानात जागा नव्हती. सतराच्या विमानात दोन होत्या. एजंटाला एक सोय असते, ती त्या पारदर्शक मोबाइलात नसते: पैसे न भरता, नाव टाकून, जागा काही तास अडवून ठेवता येते. मी सुजाताचं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टचा नंबर न बघता सांगितला. तो म्हणाला, "सहा वाजेपर्यंत धरतो. सहा वाजून एक मिनिटानं सिस्टिम सोडून देईल, मग मला ओरडू नका."

तेव्हा दीड वाजून गेला होता. शेगावला जाणारी गाडी मिळाली, ती नेहमीप्रमाणे उशिरा. गुरुवार होता, शेगावच्या स्टेशनाबाहेर दर्शनाला आलेल्यांची झुंबड. वरवट बकालची काळीपिवळी जीप माणसं पुरी भरल्याशिवाय हलत नव्हती. चालकाला म्हटलं, "मी तीन माणसाईचे पैसे देतो, पण चाल." तो म्हणाला, "चाल्लो न बाप्पा, कोन मेलं काय?" मोबाइलच्या पानावर मलकापूर ते वरवट बकाल किती मिनिटं दाखवत असेल, हा विचार आला आणि प्रथमच त्याचं हसू आलं नाही.

गावात उतरलो तेव्हा सव्वाचार झाले होते. बुद्धविहारासमोर मांडव होता, भोंगा लावलेला. गावातली परदेशात जाणारी पहिली मुलगी म्हणून तिचा सत्कार. पांढऱ्या साडीतल्या बायाबापड्या, शाळेतली मुलं, सरपंच. सुजाता मधल्या खुर्चीवर, अंगावर शाल, हातात पुष्पगुच्छ. शेजारी आई, ऑपरेशनमुळे पोटाशी उशी धरून बसलेली. अमोलराव माइकवर बोलत होते. माहितीच्या युगात खेड्यातल्या माणसानं स्वतः सक्षम कसं व्हावं, यावर.

मी मांडवाच्या कडेनं पंजाबरावांजवळ गेलो. "पंजाबराव, जरा बाजूले या. सुजातालेबी बोलवा."

"बसा नं भाऊ. सत्कार होऊन राह्यला."

"सत्कार होईन मंग. तिकीट चुकलं हाये."

हे मी हळू बोललो होतो, पण मांडवात हळू बोललेलंच आधी ऐकू जातं. लोक वळून बघू लागले. अमोलराव माइक सोडून खाली आले. विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही पाचजण जमलो: ते तिघं, सुजाताची आई आणि मी.

अमोलरावांचा आवाज चढला. "काका, तिकीट तुमच्याकडून काढलं नाही म्हणून इथपर्यंत आलात? याला काय म्हणायचं?"

मी सुजाताला म्हटलं, "बाई, पाकीट काढ. तिकिटाचा कागद काढ. आता शेवटची ओळ वाच, पोचाची. तारखेसगट वाच."

तिनं वाचलं. मग व्हिसाचा कागद काढून वाचला. दवाखान्यात रुग्णाचा चार्ट वाचणारी पोरगी. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा उतरला आणि ती खाटेच्या कडेवर बसली.

"एकवीस," ती म्हणाली. "भाऊजी, हे एकवीस हाये."

अमोलरावांनी कागद घेतला, मोबाइल काढला, ते पान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "पण... फ्लाइट टाइम तर साडेपंधरा तास..." असं दोनदा म्हणाले आणि मोबाइल खिशात टाकला. ज्या क्षणाची मी चहा पिताना कल्पना करत होतो तो हाच. मला त्यातून कवडीचंही सुख झालं नाही.

आई रडायला लागली. "माह्याच ऑपरेशननं घात केला व पोरीचा."

मी म्हटलं, "कोनाचा घात झाला नाही अजून. सतराच्या विमानात जागा धरून ठेवली हाये, सहा वाजेलोक. हाव म्हना, मी फोन करतो. उद्या संध्याकाळच्या गाडीनं मलकापूर सोडाचं, परवा विमान. एकोनिसाव्या तारखेले ऑकलंड. एक दिवस हातात."

पंजाबराव म्हणाले, "हाव. करा." एवढंच. जावयाकडे त्यांनी बघितलंही नाही. फोन केला तेव्हा पाच वाजायला आले होते. जागा पक्की झाली. जुनं तिकीट बुडालं. स्वस्तातलं होतं, बदलता येत नव्हतं. नव्याचे पैसे अमोलरावांनी तिथल्या तिथे मोबाइलवरून भरले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

मला वाटलं, झालं. मी उठलो. तेव्हा सुजाता म्हणाली, "काका, तुमी दुकानात विचारलं होतं. अधिक दोन काय म्हनून."

"हाव."

"म्हंजे तुमाले तवाच दिसलं होतं."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. खोटं बोलायला जागा होती. घरी गेल्यावर संशय आला, पुन्हा पाहिलं, असं काहीही खपलं असतं. तशी वाक्यं जीप भरायची वाट बघत असताना मी तयारही करून ठेवली होती.

मी म्हटलं, "हाव. दिसलं होतं."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

काय सांगणार? तुझ्या भाऊजीनं मला प्रिंट काढणारा म्हटलं म्हणून? चार वर्षं तू ज्या कागदांसाठी फिरलीस ते कागद मी टाचणी मारून, पाकिटात घालून, जाणूनबुजून चुकीचे दिले, कारण माझा मान दुखावला होता? ती उत्तराची वाट बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग शाल नीट केली आणि सत्काराला परत गेली, कारण बाहेर गाव खोळंबलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मलकापूर स्टेशनावर मी गेलो. जावं की नाही, यावर दिवसभर विचार केला होता. शोभा म्हणाली, "लाज वाटते तं जाच." पन्नासएक माणसं वरवट बकालहून आली होती. अमोलराव बॅगा उचलून डब्यात ठेवत होते. सुजातानं सगळ्यांना हात जोडून जयभीम केला. माझ्यासमोर आली तेव्हा म्हणाली, "काका, तुमी आले म्हनून मी चाल्ली. हे इसरनार नाही. पन काल सकाळचंबी इसरनार नाही."

गाडी गेली. एकोणीस तारखेला ती ऑकलंडला उतरली. पंजाबरावांनी फोन करून तेवढं कळवलं.

लोकांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ते अमोलरावांना हसतात. दोन बॅगांवर तर हटकून हसतात. मी हसू देतो, कारण तो मूर्खपणाच होता, आणि असले साडेपंधरा तासवाले शहाणे अजून रोज भेटतात. पण त्या गृहस्थाला कळलं नव्हतं, म्हणून चुकला. मला कळत होतं. बत्तीस वर्षांच्या अनुभवाचा मी त्या दिवशी एकच उपयोग केला, गप्प बसण्याचा. टिंगल करणाऱ्या माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात तो फक्त दुसरा कधी पडतो याची वाट बघत असतो.

त्यानंतर दोन वर्षं सुजाताचा मला फोन नाही, निरोप नाही. मी अपेक्षाही ठेवली नाही. पंजाबराव आता निवृत्त झालेत, मलकापूरला क्वचित येतात.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी ते आणि त्यांची बायको दुकानात आले. दोघांचे पासपोर्ट पुढे ठेवले. मुलीनं बोलावलं होतं, दोन महिन्यांसाठी. व्हिसाचे कागदही होते.

"जावयाले नाही सांगतलं?" मी विचारलं. टोमणा नव्हता, पण सवयीनं तसा आवाज लागला. लाज वाटली.

"तोच म्हने, काकाकडून काढा," पंजाबराव म्हणाले. "पन सुजाताचा निरोप हाये. तिनं सांगतलं, तिकीट त्याइच्याच हातचं घेजा. पन घेतल्यावर त्याइले म्हना, मोठ्यानं वाचून दाखवा. पुरं. तवाच दुकानातून उठजा."

मी तिकीट काढलं. छापलं. चष्मा पुसला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, बाहेर चहावाला कप घेऊन उभा होता. मी वाचायला लागलो. नाव, आडनाव, पासपोर्टाप्रमाणे. मुंबई, निघायची तारीख, वेळ, ही मुंबईच्या घड्याळाची. सिंगापूर, उतरायची वेळ, ही तिथल्या घड्याळाची. तिथे बसायचं, पाच तास, बाहेर जायचं नाही. दुसरं विमान. ऑकलंड, पोचायची तारीख. व्हिसाची तारीख. दोन्हींत किती दिवस राहिले ते. दोघं शाळेत बसल्यासारखे ऐकत होते.

मी शेवटची ओळ वाचून कागद खाली ठेवला.

पंजाबराव म्हणाले, "आता अजून एकडाव वाचा, भाऊ. हिले समजलं नसन."

त्यांच्या बायकोला सगळं समजलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी चष्मा लावला आणि नावापासून पुन्हा सुरुवात केली.